चारशे सतरा

वेर्ण्याच्या पठारावर, औषध कंपन्यांच्या मागे
आमची खोली. खिडकी नाही.
मेणाच्या ठोकळ्यातून मी चार मायक्रॉनचे काप काढते.
पातं नवं असलं की एकाला एक चिकटून
फीत निघते लांबलचक,
कोमट पाण्यावर सोडली
की तिच्या सुरकुत्या आपोआप जातात.
एर्मेलिंदा श्वास धरून ती काचेवर उचलते.

मग रंग. गाठ लगेच कळते:
जांभळी गर्दी, कुणीच कुणाला वाट देत नाही.

आज चारशे सतरा नंबर.
औषध न मिळालेल्या गटातला.
याला फक्त आजार द्यायचा होता,
दिला.
वहीत माझंच अक्षर:
तिसऱ्या आठवड्यात हरभऱ्याएवढी,
सहाव्यात मसुरीएवढी.
आणि आता भिंगाखाली नुसती स्वच्छ गुलाबी कातडी.

आणखी खोल कापलं.
मेण संपत आलं, गाठ नाही.

डॉक्टर हरमलकर म्हणाले, पिंजरा चुकला असेल,
कानाची खूण बघ.
बघितली. तोच.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

अहवालात ‘उपचाराने बरा’ असा रकाना आहे.
दुसरा नाही.
मी ‘इतर’समोर खूण केली,
आणि तारीख घातली मंगळवारची,
ठरल्या दिवशी आम्हीच त्याला
निजवलं होतं त्याची.

संध्याकाळी मडगावच्या बसमध्ये
शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला.
तिच्या मांडीवर बांगड्यांची पिशवी होती, ओली.
तरी सरकून बसले मीच.