'जी'च्या किंचित वर

जेरोम तेवीस वर्षांचा, मी त्रेसष्टचा.
मोहननगरातल्या त्याच्या खोलीत, भिंतीवर आजोबा:
अजनी शेडचे ड्रायव्हर, मांडीवर गिटार, ओठात विझलेली विडी.
पहिल्या दिवशी त्यानं माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली,
बाजारात आपण भेंडीचं टोक मोडून पाहतो तशी.
म्हणाला, जून आहेत काका, पण चालतील.

चालतात, कशीबशी.
एफचा बार धरला की पहिलं बोट शरण येतं,
मधली एक तार खोकते.
घरी नलू विचारते, डब्यात खिळे हलवून राहिले काय जी?
मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला
आणि गिटारची मान वाकली;
पलंगाखाली फरशीवर निजवली तिला
तापानं फणफणलेल्या पोरासारखी.

मला वाटलं होतं ब्लूज म्हणजे दुःख.
जेरोम म्हणतो, आधी मोजणी.
बारा घरं, दर घरात चार ठोके.
चार घरं आपली,
मग दोन शेजाऱ्याकडे, दोन परत,
नवव्यात लांब जायचं, दहाव्यात मागं वळायचं,
शेवटी आपल्याच दारात चपला काढायच्या.
हे मला लगेच समजलं.
एकतीस वर्षं सबस्टेशनात तासातासाला
रकान्यात रीडिंग लिहिलं आहे मी,
झोप आली तरी, बाहेर वीज कडाडली तरी.
अडलं ते स्विंगपाशी.
"काका, तुम्ही घड्याळ वाजवून राहिले. जरासे लंगडा ना."
आता लंगडायला कसं शिकावं
जन्मभर पन्नास सायकल सांभाळलेल्या माणसानं?

शेषराव येतो संध्याकाळी, अंगणात पाणी मारून झालं की.
साहेब घरी गेले की कंट्रोल रूममध्ये
बुलबुल तरंग वाजवायचा हा, टेबलाच्या खणात लपवलेला.
शहाण्णव साली, अकरा केव्हीची लाइन,
उजवा हात कोपरापासून गेला.
ब्रेकर कोणी टाकला ते चौकशीत लिहिलं आहे.
तो मी नव्हतो.
परमिटवर सही माझी होती.
यावर आम्ही कधी बोललो नाही.
पेन्शनवर बोललो, गुडघ्यांवर, टरबुजांच्या भावावर,
मेट्रोच्या खांबांवर तर किती बोललो.

एके दिवशी त्यानं माझं घड्याळ-वादन बराच वेळ ऐकलं,
मग पोह्यांची रिकामी ताटली मांडीवर पालथी घेतली
आणि डाव्या हातानं
दोनावर, चारावर.
एकावर काही नाही. तिनावर काही नाही.
उजवा हात जिथं पडला असता
तिथं नुसती हवा.
मी त्या हवेच्या मागून वाजवलं,
थोडं उशिरा, थोडं बिचकत.
बारा घरं फिरून आलो तेव्हा लक्षात आलं,
लंगडलो.
तो ताटलीकडेच पाहत होता. म्हणाला, "तर्री लई तिखट होती आज."

काल रात्री कूलर बंद केला तेव्हा
कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर ऐकू आला.
हा आवाज माझ्या हाडांत आहे, पण त्याला
नाव असेल असं कधी वाटलं नव्हतं.
जाड तार, तिसरा पडदा: जी.
आणि तो त्याहून केसभर वर,
कुठल्याच पडद्यावर नाही असा.
मी तार ढकलायला लागलो.
दोन आवाज एकमेकांवर घासून थरथरले,
थरथर रुंद होत गेली,
संथ होत गेली,
झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी,
आणि मग नव्हतीच.
"धरून ठेव," शेषराव म्हणाला.
बोटाच्या टोकाला तार रुतली होती,
मनगट कापत होतं. धरून ठेवलं.

आतून नलूचा आवाज आला,
"काय जी, बंद पडलं का?"