पूर्वलक्षी प्रभावाने

जानेवारीतला मंगळवार. बाहेर उणे एकोणीस.
नेब्रास्कातल्या एका धान्यकोठाराच्या माडीवर
पक्षाचं जिल्हा कार्यालय: एक हीटर, सात खुर्च्या,
आणि माझ्या आधीच्या तीन चिटणिसांची
तीन वळणांची अक्षरं.

राज्य कार्यालयाचं पत्र आहे:
आपल्या समित्यांची यादी आणि इतिवृत्तं जुळत नाहीत.
पंधरा दिवसांत जुळवावीत.

मी वह्या उघडते.

ऑर्विल झाब्का, ठराव समिती, मुदत चालू.
ऑर्विलला जाऊन नऊ वर्षं होतील या गव्हाच्या कापणीला.
त्याच्या नावापुढे: रजा कळवली आहे.
पुढच्या बैठकीला: रजा कळवली आहे.
वहीभर तेच.
कोणी कळवली, ते लिहिलेलं नाही.

मग दोन रोझ कुचेरा.
एक गिरणीजवळची, अविवाहित;
एक तळ्यापलीकडची, तिच्या भावाची बायको.
राजीनामा दिला नणंदेनं,
नाव कापलं गेलं भावजयीचं.
भावजयीला वाटलं, हिनंच काढायला लावलं.
नणंदेला वाटलं, मी सोडलं तर ही साधं विचारायलाही आली नाही.
चौदा वर्षांचा अबोला,
आणि त्याचं कारण
पान बावन्न, ओळ तिसरी.

कोणी ध चा मा केला नव्हता.
रात्रीचे साडेनऊ, गोठलेला रस्ता,
गाडी सुरू होईल की नाही ही काळजी,
आणि वहीत दोन सारखी नावं
एकाखाली एक.

डेल्फिन हाउझर तर कुठेच नाही.
सहा वर्षं निधी समितीत, डब्यातली नाणीसुद्धा
तिनंच मोजायची, मळलेल्या नोटा सरळ करून.
पण सूचक नाही, अनुमोदक नाही,
ठरावच नाही.
मी फोन केला. सांगितलं.
पलीकडे बराच वेळ कुत्रं भुंकत राहिलं.
मग ती म्हणाली,
"म्हणजे मी मोजलेले पैसे
आता परत मोजायचे का?"

दुरुस्तीचा नियम साधा आहे.
खोडरबर नाही. पांढरी शाई नाही.
एकच आडवी रेघ,
खालची चूक वाचता येईल अशी.
समासात तारीख आणि आद्याक्षरं,
म्हणजे उद्या माझं चुकलं
तर कोणाला शोधायचं ते कळेल.

गुरुवारी सातला बैठक.
गणपूर्ती झाली, एक खुर्ची कमी पडली.
मी दुरुस्त्या वाचल्या, कुणाकडे न बघता.
पान बावन्न वाचताना हीटरचा आवाज
एकदम मोठा झाला.
नंतर ठराव: डेल्फिन हाउझर, निधी समिती,
नेमणूक पूर्वलक्षी प्रभावाने,
सहा वर्षांपूर्वीच्या मार्चपासून ग्राह्य.

सूचक?
"रोझ कुचेरा."
अनुमोदक?
"रोझ कुचेरा."
अध्यक्ष लेलंड हसू दाबत खोकला.
मी मान वर न करता विचारलं, पत्ता सांगा.
दोघींनी सांगितला. दोन्ही पत्ते लिहिले,
घर क्रमांकासकट.

जिना एकच आहे. एक आधी उतरली,
दुसरी हातमोजे शोधत थांबली,
जे तिच्या हातातच होते.
त्या दोघींचं पुढे काय, ते माझ्या वहीत येत नाही.

पण हे सगळं सातनंतरचं.
त्याआधी, पावणेसहाला, कार्यालयातला फोन वाजला.
मी चिटणीस होऊन तीनच आठवडे झालेले,
मला काय माहीत!
आर्डिस झाब्का. आवाज वाळल्या कणसाच्या पातीसारखा.
"ऑर्विलला आज यायला जमणार नाही."
तेवढंच. मग वाट बघत राहिली,
जशी दर बैठकीआधी राहत असावी,
पलीकडून कागदावर पेन फिरल्याचा आवाज येईपर्यंत.

मी पेन उचललं.
म्हटलं, कळवलंत, बरं केलंत.

रेघ रात्री मारली, सगळे गेल्यावर,
पट्टी लावून.
समासात तारीख घातली.
आद्याक्षरं घालताना मात्र
हात जरा थांबला,
आणि थंडीही होतीच.