उलटा माग

चिंचोळी एमआयडीसी, तिसरी पाळी.
पावणेतीनला लाइट गेली
आणि बॅरलमधला स्क्रू जागच्या जागी थांबला,
पोटात माल घेऊन.

जनरेटर लावू नका, चिलवेरी साहेब फोनवर म्हणाले,
पाणी सोडा, थंड करा.
असा चान्स पैसे देऊन मिळत नाही.

सकाळी बॅरल जरासं शेकून
इरेशानं आणि मी स्क्रू ओढून काढला, सहा फुटी.
आट्याआट्यांत गोठलेलं प्लास्टिक
पितळी पट्टीनं सोललं, कात सोलावी तसं,
आणि पोत्यावर ओळीनं मांडलं.

हॉपरकडचा तुकडा : अजून दाणेच.
काळे नायलॉनचे, पांढरे पीपीचे,
एका पोत्यात येऊनही अनोळखी.
चार आट्यांपुढं काळा दाणा चपटा,
चपटा होत होत चादर.
चादरीला भोकं.
भोकं वाढून जाळी.
जाळी तुटून दोरे,
दोऱ्यांवर मणी फुगले, मणी सुटले,
ते बघायला साहेबांचं भिंग लागलं.
त्यापुढं नुसता राखाडी.

हे सगळं वीतभरात.
उरलेले पाच फूट स्क्रू नुसता फिरत राहतो म्हणा.
आणि मी बारा वर्षं डायपाशी उभा,
माल इथं तयार होतो समजून.

थेंब मोकळे सोडले तर परत एक होतात.
म्हणून शंभरात तीन ती पावडर,
अर्धी याच्या नात्यातली, अर्धी त्याच्या,
जाऊन बसते दोघांच्या हद्दीवर.
आमच्या साखर पेठेत रत्नव्वा होती तशी,
नळावर कानडी, ओट्यावर तेलुगू, चौकीत मराठी.
ती गेली त्या वर्षी
आळीतली दोन भांडणं कोर्टात गेली.

तुकडे डब्यात घालून घरी नेले.
बाप चाळीस वर्षं मागावर,
कान तिथंच ठेवून आलेला.
जाळीचा तुकडा त्यानं उजेडाला धरला.
चिरिगिंदा?
फाटलं नाही, नाना, असंच होतं आत.
मी मांडून दाखवलं :
दाणा, चादर, जाळी, दोरा, राखाडी.

त्यानं बराच वेळ बघितलं.
मग एकेक तुकडा उचलून
ओळ दुसऱ्या टोकाकडून लावली :
राखाडी, दोरा, जाळी, चादर.
दाणा बाजूला ठेवला.

हां, म्हणाला,
आता बरोबर.