नावातच ओ

दांडिया बाजारातल्या टेंबेगुरुजींनी
चष्मा कपाळावर सारून सांगितलं,
पूर्वाषाढा, तिसरा चरण,
अक्षर येतंय फा.

नंतर बराच वेळ नुसता पंखा बोलत होता.
फा वरून काय ठेवणार?
फाल्गुन, आई म्हणाली, पण तिलाच पटेना.
काका म्हणाले, फाटक.

निरंजन भिंतीला टेकून हसत होता.
आमचं केव्हाच ठरलंय, म्हणाला,
फाबिओ.

आईनं ते नाव तोंडात घोळवलं,
गरम घास घोळवावा तसं.
बरं, अर्थ काय?

इलारिया उठून आत गेली.
तीन हिवाळ्यांत जमेल तेवढं मराठी शिकलेली,
ऐन वेळी शब्द न सापडल्यामुळे
खंडेराव मार्केटातून मी सकाळीच आणलेल्या पिशवीतून
एक शेंग घेऊन आली.
हे, म्हणाली. असंच. आमच्याकडे जरा मोठं असतं.
नावात हेच आहे.

पावटा?

आमच्या घरात पावटा म्हणजे
ज्याला तेराचा पाढा येत नाही तो.
निरंजन दहावीपर्यंत पावट्याच होता.
आता मुलाच्या जन्मदाखल्यावर
शिक्क्यानिशी तेच नाव.

पण कानात सांगायचं मला. आत्या मी.
म्हणून न्यायमंदिरच्या सिग्नलला
स्कूटरवर बसून घोकत राहिले.
फा, दुधावर फुंकर घालावी तसं.
बि, ही तर आपलीच,
मातीत सरकवून विसरून जायची.
आणि शेवटी ओ.
आपल्या साऱ्या नावांना हाक मारून थांबावं लागतं.
हे पोरगं नावातच ओ देतंय.
मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तेव्हा
सिग्नल हिरवा होऊन गेला होता.

खालच्या हंसाबेनना काही अडचणच आली नाही.
फाबियो? म्हणाल्या, आ तो आपणो ज!
आणि आमच्या आधी त्यांनीच
जिन्यातून त्याला लाडानं हाका मारायला सुरुवात केली.

बारशाच्या आदल्या रात्री
आम्ही दोघी दाणे सोलत बसलो होतो.
तिच्या गावात, बारीच्या बाजूला,
आजोबांचं शेत होतं, नावही त्यांचंच.
गरिबाचं खाणं, ती म्हणाली, मांसाऐवजी.
मी तिला आमच्या पणजोबांचं सांगितलं.
त्यांच्या आधीची तीन गेली
म्हणून त्यांचं नाव धोंडो ठेवलं.
देवाला वाटावं दगड आहे,
उचलून नेण्यासारखं काही नाही.

ती काही बोलली नाही.
हातातली शेंग उघडली.
दाणा, दाणा, मग एक रिकामी जागा,
नखाएवढी, आतून मऊ पांढरी, मग दाणा.
तिचा अंगठा त्या जागेवर थांबला.

दोन वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात,
आई फोनवर तिच्याशी
सगळा वेळ हवेबद्दल बोलली होती.
मीही.

इथे होता, ती म्हणाली.
स्वच्छ मराठीत. व्याकरणाची एकही चूक नाही.

ते टरफल तिनं ढिगात टाकलं नाही.
कुठे ठेवलं, मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं.
मी पाळण्यात वाकले, कुर्रर्र केलं,
पाठीवर बायकांचे बुक्के पडत होते,
हंसाबेनचा सगळ्यात जोरात.
तीनदा पूर्ण नाव सांगितलं.
चौथ्यांदा फाबि एवढंच म्हणून थांबले,
का ते मलाही ठाऊक नाही.
तो माझ्या बांगडीकडे बघत होता.

मागून, अगदी हळू,
त्याची आई म्हणाली, ओ.

रात्री पाहुणे गेल्यावर
पाळण्याची दोरी माझ्या आईच्या हातात होती.
गुरुजींचं अक्षर, दाखल्यावरचा शिक्का,
काही तिच्या लक्षात नव्हतं.
झोप रे आता, म्हणत होती,
झोप, पावट्या.