धुरा

आमचा जिल्हा कोरडा आहे, असं सरकार म्हणतं.
म्हणून शनिवारी संध्याकाळी पूल ओलांडून
आम्ही ओल्या जिल्ह्यात जातो:
गुणवंत, लीलाधर, हेमराज, मोटारी दुरुस्त करणारा अंकुश,
आणि स्टिअरिंगवर मी.
मला नेतात ते परतीसाठी.

पुलापलीकडचा पहिलाच ढाबा.
पाण्याच्या टाकीजवळची तीच बाज,
तेच शेंगदाणे, कांदा, वरून तिखट.
सावजीच्या तर्रीनं कपाळावर घाम
आणि पहिला पेग भरायच्या आधी
दर शनिवारी नव्यानं तोच प्रश्न:
"काहून पेत नाई बे तू?"

गळ्यात माळ असती तर सोडलं असतं त्यांनी.
डॉक्टरची चिठ्ठी चालली असती.
बाप पिऊन मेला असता तरी
मान खाली घालून म्हणाले असते, राहू द्या याले.
माझा बाप तर ठणठणीत आहे,
दिवाळीला दोन घोट घेतो आणि लवकर झोपतो.
माझ्याकडे कारणच नाही.
नको, एवढंच आहे.
आणि नुसत्या 'नको'ला आमच्या गावात
सातबारा लागतो.

"बायकोले भेतं काय बे?"
"मास्तरीन हाये थे, दारातच वास घेत असंन."
"आपल्यात बसते अन् आपलाच हिशेब ठेवते लेकाचा."
हिशेब मी ठेवतोच.
कुणी किती घेतली याचा नाही;
पिणारे चार आणि बिलाचे भाग पाच, याचा.
बोललो कधी नाही.

याच गुणवंतनं दोन वर्षांमागं
चुलतभावाचा नांगर धुऱ्यावर वीतभर चढला म्हणून
मोजणीवाला आणला, खुणेचे दगड बसवले,
दिवसभर उन्हात उभा राहिला, डोक्यावर दुपट्टासुद्धा नाही.
पंच म्हणून माझी सही आहे त्या कागदावर.
वीतभर मातीचं त्याला बरोबर कळत होतं.

त्या रात्री माझा थंडा कडू लागला.
लिंबाची बी चावली असेल, म्हटलं. दुसरा घोट घेतला.
अंकुश खाली बघत होता,
हेमराजचं हसू मिशीत मावेना,
आणि मग एकदम फुटले सगळे:
"पेला! पेला! डिगू पेला!"
लीलाधर बाजेच्या पाटीवर थापा मारत होता,
कुणाचा तरी मोबाइल माझ्या तोंडासमोर.
ताटल्या उचलणारा पोरगाही हसला,
माझ्याकडे बघून थांबला.

मी टाकीच्या नळावर गेलो, चूळ भरली, तीनदा.
दिवसभराच्या उन्हाचं पाणी, अजून गरमच.
परत येऊन खिशातली चावी काढली
आणि शेंगदाण्यांच्या ताटलीत ठेवली.
"मी पेलो न आता," म्हटलं.
"पेलेला मानूस गाडी नाई चालवत."

"अबे, दोन घोट तं होते."
"दोन घोटानं काय होते?"
"उद्या पोरीचं बारसं हाये माह्या, डिगू!"
पुलावर नाका होता, नाक्यावर हवालदार,
त्याच्या हातात फुंकायची मशीन.
मी बाजेवर आडवा झालो, दुपट्टा तोंडावर घेतला.
दोन घोटच गेले होते, खरं आहे.
वीतभरच.

ते बोलेरोत झोपले, दारं उघडी, पाय बाहेर.
अंकुश तेवढा रात्री कधीतरी येऊन
बाजेच्या पायथ्याशी बसला.
"म्या नोती टाकली."
"पाहत तं होता."
बऱ्याच वेळानं म्हणाला, "हो."
मग डास मारत बसून राहिला.

पहाटे गाडी मीच काढली.
नदीत पाणी थोडं, रेतीचे ट्रॅक्टर ओळीनं उभे.
हेमराजला दारात सोडलं, आत दिवे लागले होते,
बायका जाग्या होत्या, त्यानं तोंडावर पाणी मागितलं.
गुणवंत त्याच्या वावरापाशी उतरला.
दार लावता लावता म्हणाला,
"येत्या शनिवारी?"
"पाहू," म्हटलं.

त्याच्या मागं धुऱ्यावर ते दगड.
दरवर्षी चुना लावतो तो त्यांना.
उजाडायच्या आधीही दिसतात.