साखरदाणीवर शिक्का नव्हता

दिवसभर मी खोकी रचते फळ्यांवर.
प्रत्येकावर काळा अष्टकोन,
आत पांढरी अक्षरं: साखर जास्त.
कुणावर एक, कुणावर तीन,
दुखवट्याला आलेल्यांच्या कोटाची बटणं जशी.
नवा कायदा आला तेव्हा
खोक्यावरचं हसरं अस्वल गेलं.
पोरं आता रंगावरून ओळखतात.

सात वाजता मी लेबूची चढण चढते.
पत्र्याच्या घरात किटली उकळत असते,
पाव, कुस्करलेला अवोकाडो,
असलंच तर चीज.
रात्रीचं जेवण आमच्याकडे वेगळं नसतं,
हा चहा म्हणजेच जेवण.
आई कोन्सेप्सिओनला, दुसऱ्यांची मुलं सांभाळते,
शनिवारी येते,
म्हणून कप भरतात बाबा.
नाउएलच्या कपात चार चमचे,
आणि पाचवा?
'तो चमच्याचा,' असं म्हणतात ते, रोज,
आणि रोज हसतात.

बाबा समुद्रतळाशी शिंपले काढतात,
रबरी नळीतून श्वास घेत.
कमरेला अठरा किलो शिसं बांधतात
खाली जाता यावं म्हणून.
वर आले की पट्टा सोडतात,
दाराशी खुंटीला अडकवतात.
त्या खुंटीखाली भिंत वाकली आहे.

परवा नाउएलच्या बुटात मला कागद सापडला,
आठ घड्या घातलेला, घामानं ओला.
शाळेच्या नर्स ओर्मेन्योबाईंचं अक्षर:
वय अकरा. वजन एकसष्ट.
पालकांनी भेटावं.
मी काही बोलले नाही, तोच बोलला,
पाठ करून, भिंतीशी:
मोजे काढले होते मी.
खिशातली गोटी काढली, दोन नाणी काढली,
श्वाससुद्धा सोडला सगळा,
तरी काटा तिथेच.
(मागे रांगेत कुणी तरी डुकराचा आवाज काढला.
हे त्यानं सांगितलं नाही.
हे मला मिरेयाच्या धाकट्याकडून कळलं.)

खुंटीवरच्या पट्ट्याकडे तो बघत होता.
बाबांचं वजन सोडता येतं,
त्याचं बक्कल कुठे आहे, हे त्याला सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाला बसलो
तर साखरदाणीवर काळा अष्टकोन.
बिस्किटाच्या खोक्यावरून कापलेला,
एक कोपरा जरा जास्तच छाटलेला,
कणकेच्या खळीनं चिकटवलेला.
दुकानातून आणली तेव्हा या साखरेच्या पिशवीवर
शिक्का नव्हता.
निव्वळ साखरेला तो लागत नाही.

बाबांचा हात चमच्यापाशी थांबला.
मग ते बोलू लागले, आमच्याशी नाही, किटलीशी:
जुलैत बंदर बंद व्हायचं,
वीस-वीस दिवस होड्या वाळूवर.
माझी आई गरम पाण्यात साखर घालायची,
शिळा पाव बुडवायची,
आणि म्हणायची, बसा, जेवण झालं.
साखर घातली की पाण्याचं जेवण व्हायचं.
आम्ही सहा जण. एकही जाड नव्हतो.
एवढं सांगून ते थांबले,
जणू त्यांच्याच बाजूचा पुरावा
त्यांच्या हातात उलटा निघाला.

त्या दिवशी त्यांनी नाउएलचा कप
साखर न घालता ढवळला.
सवयीनं, बराच वेळ.
चमचा कपाच्या काठाला वाजत राहिला.
नाउएलनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं,
दुसरा घेतला.
बाबा त्याच्याकडे असे बघत होते
जसं उपाशी पोराकडे बघतात.

आता दोन चमचे पडतात. कधी तीन.
शनिवारी आई आली की चार,
आठवडाभराचं देणं एका कपात फेडते ती.
वाफेनं अष्टकोन गळून पडला,
खळीचा डाग तेवढा उरलाय,
कुणी खरवडत नाही.

आणि मी?
दुकानातून निघताना माझ्याही खिशात
त्याच्यासाठी एक टॉफी असते, अजून.
चढणीवर मी ती चाचपते.
तिचा कागद इतका लहान
की त्यावर शिक्का मावत नाही.