पसंतीक्रम

जूनचा दुसरा आठवडा, तरी नागपूर तापलेलंच.
शाळेच्या नकाशाखोलीत माझं टेबल,
दारावर खडूनं लिहिलंय : मार्गदर्शन कक्ष.
कोपऱ्यात गुंडाळून उभा केलेला आफ्रिका,
दांडा मोडलेला पृथ्वीगोल,
आणि कूलर, हवा कमी, बोंब जास्त.

बाहेर रांग.
सायन्स घेतलं तर मागून सगळंच करता येते ना, मॅडम?
आर्ट्स म्हटलं तर लोक काय म्हणतीन?
या पोट्ट्याला तुम्हीच सांगा, आमचं ऐकत नाही.

एक मुलगी विचारते, जर्मन घेतलं की गणित सुटते का.
तुला गणित नको आहे, की गणिताचे सर?
ती टेबलाच्या कडेचं सनमायका
नखानं उचकटत बसते.
बराच वेळ.

मी स्वतः भूगोल घेतला कुंदा घेणार होती म्हणून.
कुंदाचं त्याच मे महिन्यात लग्न झालं.
मी एकटीच जाऊन बसले पहिल्या बाकावर, रागानं,
आणि शिकवायला लागल्यावर नवव्या वर्षी कधीतरी
वैनगंगेचं खोरं फळ्यावर काढताना
विषय आवडून गेला.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणि पल्लवी हेडाऊ.
चौऱ्याण्णव टक्के. वहीच्या मागच्या पानांवर
करवती काठाचे बारीक बारीक दात.
मी म्हणाले, बायोलॉजी घे. दोन मिनिटं लागली असतील.
परवा इतवारीत औषधाच्या दुकानात, काउंटरमागे तीच.
मेडिकलचे तीन प्रयत्न, मग फार्मसी.
"छान चाललंय मॅडम. तुम्ही म्हणाल्या म्हणून घेतलं होतं."
तक्रार नव्हती आवाजात.
बोलता बोलता माझ्या बिलाच्या कडेला
तिच्या पेननं आपोआप काठ काढला.
ते बिल माझ्या पर्समध्ये आहे.
गोळ्या संपल्या.

आज क्षितिज मेश्राम. एकसष्ट टक्के.
बाप बुटीबोरीला कंत्राटावर, रात्रपाळी करून थेट आलेला,
खिशात क्लासची पावती, अठरा हजार, भरलेले.
"विंजिनेर झाला पाहिजे, बस."
पोरगा माझ्याकडे पाहत नाही, कूलरकडे पाहतो.
"पंप जाम आहे, मॅडम."
आणि मी हो म्हणायच्या आत बटण बंद, बाजूची जाळी काढलेली,
कोपरापर्यंत हात पाण्यात,
मुठीत खसची ओली काडीकचरा.
बटण लावलं. हवा आली.
टेबलावरचे फॉर्म उडाले,
मी त्यांच्यावर पृथ्वी ठेवली.

"असेच धंदे करते हा दिवसभर," बाप म्हणाला.

माझ्या तोंडात आयटीआय आलंच होतं.
गिळलं.
डॉक्टरच्या पोरानं हाच पंप उघडला असता
तर मी म्हणाले असते,
याला भौतिकशास्त्र द्या.
सत्तावीस वर्षं मी हात बघून सल्ला देत आले
की हाताच्या मागचं आडनाव बघून,
आजच्या आधी मला कुणी विचारलं नव्हतं,
आजही कुणी विचारलं नाही.

"क्षितिज, पाणी वर काहून चढते?"
"पंखा फिरते म्हणून. आतमधी छोटा पंखा असते."
मग थांबला. ओला हात पॅंटला पुसला.
"पण करंट दिला की तो फिरते काहून, मॅडम?"

बापानं घड्याळ पाहिलं.
मी फॉर्म ओढला, पेन ठेवलं, पेन्सिल घेतली.
पहिली पसंती, रिकामी चौकट.
दुसरी, रिकामी.
"उद्या चारपर्यंत चालते," मी बापाला म्हणाले.
"तुम्ही आधी झोपा थोडं. मग दोघं या.
आणि ती पावती सोबत आणा,
पैसे परत मिळतात का, मी बोलून पाहते."

दाराबाहेरून कुणीतरी ओरडलं,
मॅडम, आमचा नंबर कवा येते?
सनमायकावाली मुलगी अजून तिथंच बसलेली.
वाऱ्याला तोंड करून.